समोरचा माणूस काय लिहून घेतो?

मे 1921 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक प्रश्नपत्रिका गाजत होती. थॉमस एडिसन आपल्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या पदवीधरांची लेखी परीक्षा घेत असत. फ्रान्सला कोणत्या देशांच्या सीमा लागून आहेत? व्होल्गा नदी कुठे आहे? सर्वांत उत्तम कापूस कुठला? असे शंभरावर प्रश्न. प्रश्न फुटले आणि जो तो दुसऱ्याची परीक्षा घेऊ लागला. त्याच महिन्यात आइन्स्टाइन बोस्टनला आले होते. त्यांना कुणीतरी ध्वनीचा वेग विचारला. पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात साठवून ठेवत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. एडिसनच्या परीक्षेत आइन्स्टाइन नापास, अशी बातमी झाली.

पुढे ऐंशी वर्षांनी माहितीची जागा कोड्यांनी घेतली. 2004 मध्ये सिलिकॉन व्हॅलीतून जाणाऱ्या 101 क्रमांकाच्या हायवेवर एक पांढरं होर्डिंग लागलं. ‘ई’ या गणिती स्थिरांकाच्या अंकांमध्ये सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा आणि तिच्यापुढे ‘डॉट कॉम’ लावा, एवढाच मजकूर. कंपनीचं नावही नाही. संख्या शोधणाऱ्याला पुढे आणखी एक कोडं मिळायचं. तेही सोडवलं की गूगलकडून बायोडेटा पाठवण्याचं आमंत्रण. मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतीत तर त्याआधीपासून गटाराची झाकणं गोल का असतात, असे प्रश्न विचारले जात. मोठ्या टेक कंपनीची मुलाखत म्हणजे डोकं चक्रावून टाकणारी कोडी, हा समज तेव्हापासूनचा. तो आजही कॅम्पसमध्ये टिकून आहे, आणि त्यात विद्यार्थ्यांची बरीच तयारी वाया जाते.

कारण खुद्द गूगलनेच ही कोडी सोडून दिली. 2013 मध्ये कंपनीचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत ते उघड सांगितलं. कोडी विचारण्यात निव्वळ वेळ जातो, उमेदवार पुढे कसं काम करेल हे त्यातून काहीच कळत नाही, आणि झालाच तर विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान तेवढं मिळतं, असा त्यांचा सूर होता. कंपनीने आपल्याच भरतीची आकडेवारी तपासून काढलेला हा निष्कर्ष होता.

मग आता मुलाखतीत होतं काय? मार्केटिंगच्या इंटर्नशिपसाठी जाणाऱ्या मुलामुलींनी आधी हेच समजून घ्यावं. समोर बसलेल्या माणसाला तुमच्याविषयी मत बनवण्याची घाई नसते. त्याच्यापुढे एक फॉर्म असतो आणि त्याला त्यात पुरावे लिहायचे असतात.

मतावर विश्वास का नाही?

1920 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव अशा प्रत्येक गोष्टीला वेगळे गुण द्यायचे होते. पण ज्याची शरीरयष्टी चांगली त्याची बुद्धीही चांगली, नेतृत्वही चांगलं, असंच सगळीकडे दिसत होतं. एका गुणाचा प्रकाश बाकीच्यांवर पडत होता. या चुकीला थॉर्नडाइकने ‘हेलो’ म्हणजे प्रभावळ हे नाव दिलं.

गप्पांसारखी चालणारी मुलाखत याच चुकीला बळी पडते. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखी तिची गत होते. पहिल्या पाच मिनिटांत मत ठरतं आणि उरलेला वेळ ते मत पक्कं करण्यात जातो. एकाला त्याच्या छंदाविषयी विचारलं जातं, दुसऱ्याला नफ्यातोट्याचं गणित घातलं जातं. मग दोघांची तुलना कशाच्या आधारावर करायची?

1998 मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरचं पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. निवडीच्या वेळचे गुण आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ किती, हे त्यांना बघायचं होतं. पूर्ण मेळ असेल तर 1, अजिबात नसेल तर 0. गप्पांच्या मुलाखतीचा आकडा 0.38 निघाला. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून आधी ठरवलेल्या पट्टीवर गुण देणाऱ्या आखीव मुलाखतीचा निघाला 0.51. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ही आकडेमोड नव्याने केली तेव्हा दोन्ही आकडे खाली आले, पण दरी वाढली. आखीव मुलाखत 0.42 आणि गप्पांची 0.19.

मोठ्या टेक कंपन्या आखीव मुलाखतीकडे वळल्या त्या याच कारणाने.

फॉर्मवरचे रकाने

गूगलमध्ये हे रकाने ढोबळमानाने चार. पहिला, नव्या प्रश्नाला भिडण्याची विचारशक्ती. दुसरा, नेतृत्व. इथे नेतृत्व म्हणजे पद नव्हे. गरज पडली तेव्हा पुढे होणं आणि गरज संपली की मागे सरणं, असा त्याचा अर्थ बॉक यांनी त्यांच्या ‘वर्क रूल्स’ या 2015 च्या पुस्तकात सांगितला आहे. तिसरा, त्या कामाचं ज्ञान, म्हणजे आपल्या बाबतीत मार्केटिंग. आणि चौथा, ज्याला तिथे ‘गूगलीनेस’ म्हणतात तो: संदिग्ध परिस्थितीत न गोंधळणं, चूक मान्य करण्याची तयारी, इतरांबरोबर काम करण्याची वृत्ती.

अ‍ॅमेझॉनचे रकाने वेगळे. तिथे नेतृत्वाची लिखित तत्त्वं आहेत. आधी चौदा होती, 2021 मध्ये दोन वाढून सोळा झाली. पहिलं तत्त्व ग्राहकाचा ध्यास. मुलाखत घेणाऱ्यांमध्ये ही तत्त्वं वाटलेली असतात. एकजण ग्राहकाविषयी खोदून विचारणार, दुसरा काटकसरीविषयी, तिसरा जबाबदारी घेण्याविषयी. पूर्ण वेळच्या भरतीत ‘बार रेझर’ नावाचा एक अनुभवी मुलाखतकारही बसतो. तो ज्या विभागात जागा आहे त्या विभागातला नसतो, आणि त्याचा नकार ओलांडून निवड करता येत नाही. रिकामी जागा लवकर भरायची म्हणून विभागप्रमुखाने कुणालाही घेऊ नये, ही त्यामागची भूमिका.

गूगलमध्येही निर्णय एकट्या विभागप्रमुखाच्या हातात ठेवलेला नव्हता. मुलाखतकारांनी टिपणं लिहायची आणि ती वाचून समितीने ठरवायचं, अशी पद्धत तिथे रूढ झाली. एके काळी एकेका उमेदवाराच्या डझनभराहून जास्त मुलाखती होत. आकडेवारी तपासल्यावर दिसलं की चार मुलाखतींनंतर निर्णयात फारशी भर पडत नाही. तेव्हा चारचा नियम आला. इंटर्नच्या बाबतीत सहसा त्याहून कमी फेऱ्या असतात.

याचा उमेदवारासाठीचा अर्थ सरळ आहे. तुमच्यावर खूश झालेल्या माणसालाही शेवटी टिपणात काहीतरी लिहावं लागतं. ‘मुलगी स्मार्ट वाटली’ हे टिपण समितीपुढे टिकत नाही. तिने काय केलं, कसं केलं, त्यातून काय झालं, हे त्याला तुमच्याच तोंडून मिळायला हवं.

एक उत्तर, दोन प्रकारे

म्हणूनच ‘असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत, सांगा’ या धर्तीचे प्रश्न सर्वाधिक येतात. त्यांच्या उत्तरासाठी ‘स्टार’ नावाचा साचा जगभर वापरला जातो: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. साचा प्रत्येक कोचिंगवाला शिकवतो. तरी उत्तरं फसतात, कारण विद्यार्थी परिस्थिती रंगवण्यात दोन मिनिटं घालवतात आणि कृती एका वाक्यात उरकतात.

समजा, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने कॉलेजच्या एकांकिकेसाठी प्रेक्षक जमवण्याचं काम केलं आहे. तिचं पहिलं उत्तर असं: ‘आमच्या टीमने खूप मेहनत घेतली, सोशल मीडियावर जोरदार प्रसिद्धी केली आणि प्रयोगाला उत्तम प्रतिसाद मिळाला.’ मुलाखतकाराचा पेन जागचा हलत नाही. यातलं तिचं किती, ते कळत नाही. प्रसिद्धीमुळेच लोक आले का, तेही कळत नाही.

आता दुसरं उत्तर: ‘पहिल्या प्रयोगाला दीडशे खुर्च्यांपैकी साठ भरल्या. मी दारावर उभी राहून आलेल्यांना विचारलं, कसं कळलं? बहुतेक जण कलाकारांचे मित्र होते. इन्स्टाग्राम पाहून आलेले चारच. म्हणून इन्स्टाग्रामवरचा खर्च थांबवायला मी टीमला पटवलं. त्याऐवजी तीन कॉलेजांच्या नाट्यमंडळांशी बोलले. आम्ही तुमचा प्रयोग बघायला येऊ, तुम्ही आमचा बघायला या, असं ठरवलं. दुसऱ्या प्रयोगाला एकशे वीस लोक आले. पण त्या दिवशी शनिवार होता, त्यामुळे सगळं श्रेय या योजनेला देता येणार नाही.’

काम तेच. पण या उत्तरात मुलाखतकाराला लिहायला सहा गोष्टी मिळतात: प्रश्न ओळखला, ग्राहकाला विचारलं, चालत नसलेला खर्च बंद केला, टीमला पटवलं, नवा मार्ग शोधला आणि निकालाविषयी सावधपणे बोलली. शेवटचं शनिवारचं वाक्य तर सर्वांत मोलाचं. आपल्या यशाकडे संशयाने पाहता येणं ही टेक कंपनीतल्या मार्केटिंगची पहिली अट आहे.

मराठी घरांत ‘मी केलं’ म्हणणं फुशारकीचं मानलं जातं, त्यामुळे आपली मुलं इथे संकोचतात. संकोच सोडण्याचा सोपा मार्ग असा: टीमचं श्रेय एका वाक्यात मोकळेपणाने द्या आणि मग आपला वाटा नेमका सांगा. नेमकेपणाला कुणी फुशारकी म्हणत नाही.

मार्केटिंगचा प्रश्न येतो तेव्हा

दुसऱ्या प्रकारचा प्रश्न असतो एखाद्या उत्पादनाचा. ‘आमचं अमुक अ‍ॅप तमुक लोकांपर्यंत कसं न्याल?’ इथे विद्यार्थी थेट जाहिरातीच्या कल्पनेवर उडी मारतात. त्याआधीच्या पायऱ्या महत्त्वाच्या आहेत: कोणासाठी, त्याची अडचण काय, तो आज काय वापरतो, आणि त्याने आपल्याकडे का यावं.

गूगल पेचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. सप्टेंबर 2017 मध्ये हे अ‍ॅप भारतात ‘तेज’ नावाने आलं. ऑगस्ट 2018 मध्ये त्याचं नाव बदललं. सुरुवातीपासून ते मराठीसह सात भारतीय भाषांत होतं. पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपची गोम अशी की समोरच्याकडेही यूपीआय नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे ग्राहक एकेकटा आणून भागत नाही. त्याच्या ओळखीच्यांनाही आणावं लागतं. स्क्रॅच कार्ड आणि मित्राला आणल्याचं बक्षीस यांमागे हा हिशोब होता. 2019 च्या दिवाळीत तर कळसच झाला. दिवा, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी अशी पाच चित्रं जमवली की 251 रुपये मिळणार होते. रांगोळी काही केल्या मिळेना. घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक एकमेकांकडे रांगोळी मागू लागले. चित्रं मित्रांकडून मागता येत होती, त्यामुळे ग्राहकच अ‍ॅपची जाहिरात करत सुटला.

मुलाखतीत हे उदाहरण नुसतं कौतुकाने सांगितलं तर त्याचा उपयोग नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘दिवाळी संपल्यावर यातले किती लोक राहिले, हे तुम्ही कसं मोजाल?’ बक्षिसासाठी आलेला आणि सवय लागलेला, या दोन ग्राहकांत फरक करता येतो का, हे त्यांना पाहायचं असतं. ‘शेवटच्या बक्षिसानंतर तीस दिवसांनी, बक्षीस नसतानाही ज्यांनी पैसे पाठवले, त्यांचं प्रमाण पाहीन,’ एवढं उत्तरही चर्चा पुढे नेतं.

फनेलचं साधं गणित

टेक कंपनीत मार्केटिंगचा विचार फनेलच्या म्हणजे नरसाळ्याच्या रूपात होतो. जाहिरात पाहणारे पुष्कळ, क्लिक करणारे कमी, अ‍ॅप घेणारे आणखी कमी, वापरणारे अगदी थोडे. समजा, दहा लाख रुपये आहेत आणि एका क्लिकला पाच रुपये पडतात. दोन लाख क्लिक मिळाले. त्यातल्या दहा टक्के लोकांनी अ‍ॅप घेतलं, म्हणजे वीस हजारांनी. त्यातल्या पंचवीस टक्क्यांनी पहिला व्यवहार केला, म्हणजे पाच हजारांनी. एक खरा ग्राहक दोनशे रुपयांना पडला.

आता ग्राहक दुप्पट हवे आहेत. बहुतेक उमेदवार म्हणतात, बजेट दुप्पट करा. तसं केलं तरी ग्राहकामागचा खर्च दोनशेच राहतो, आणि प्रत्यक्षात वाढतोच, कारण सहज येणारे लोक आधीच येऊन गेलेले असतात. पण अ‍ॅप घेतलेल्या वीस हजारांपैकी पंधरा हजार पहिल्या व्यवहाराआधीच का थांबले, याचा शोध घेतला तर? बँक खातं जोडताना भाषा कळत नसेल, मेसेज येत नसेल, भीती वाटत असेल. ते प्रमाण पंचवीसवरून पन्नास टक्क्यांवर नेलं की त्याच जाहिरात खर्चात दहा हजार ग्राहक होतात आणि खर्च शंभरवर येतो. हा हिशोब तोंडी करता यावा. कॅल्क्युलेटरची अचूकता कुणी तपासत नाही. गळती कुठे आहे हे तुम्हाला दिसतं का, ते तपासलं जातं.

याहून वरची पायरी म्हणजे जाहिरात बंद करून पाहण्याची तयारी. ईबे ही कंपनी सर्च इंजिनवर आपल्याच नावासाठी पैसे मोजून जाहिरात देत असे. कुणी ‘ईबे’ असं शोधलं की वर जाहिरात यायची, लोक तिच्यावर क्लिक करायचे आणि खरेदीही करायचे. कागदावर जाहिरात झकास चालली होती. टॉम ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्ह टॅडेलिस या अर्थतज्ज्ञांनी ती काही ठिकाणी बंद करून पाहिली. जाहिरातीवरून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून तितक्याच सहज आले. ज्याला ईबेवर जायचंच होतं त्याला तिथे नेण्यासाठी कंपनी पैसे मोजत होती. हा प्रयोग 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जाहिरात पाहिल्यानंतर खरेदी झाली आणि जाहिरातीमुळे खरेदी झाली, यातला फरक त्यातून लख्ख दिसतो. गूगलची बहुतांश कमाई जाहिरातींची आहे, तेव्हा तिथे हे उदाहरण द्यावं का? खुशाल द्यावं. कोणत्या ग्राहकाने कोणती जाहिरात घेऊ नये, हे जाणणारा माणूस जाहिरात विकणाऱ्या कंपनीलाही लागतो.

तयारीचं वेळापत्रक

अमेरिकेत उन्हाळी इंटर्नशिप सहसा दहा ते बारा आठवड्यांची असते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या शरदातच सुरू होतात. भारतात दोन वर्षांच्या एमबीएत ती साधारण एप्रिल ते जून अशी दोन महिन्यांची असते. तिची निवड मात्र पहिल्या वर्षाच्या पूर्वार्धातच होऊन जाते. म्हणजे मार्केटिंगचा अभ्यासक्रम पुरता सुरू होण्याआधी मुलाखत दारात उभी राहते. कोटलरचं मार्केटिंगवरचं जाडजूड पुस्तक पाठ करून तिथे निभाव लागत नाही, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून ती अपेक्षाच नसते.

त्यापेक्षा आपल्या आयुष्यातले सहा-सात प्रसंग निवडून लिहून काढा: अपयशाचा, मतभेदाचा, आकडेवारीवरून निर्णय बदलल्याचा, अधिकार नसताना लोकांना सोबत घेतल्याचा. प्रत्येकात आपण नेमकं काय केलं आणि काय मोजलं, ते लिहा. कंपनीची दोन उत्पादनं महिनाभर वापरा आणि त्यांचा एकेक दोष शोधून ठेवा. गाठीला काहीच प्रसंग नसेल तर आजपासून एक तयार करा. घराजवळच्या दुकानदाराची ऑनलाइन नोंद नीट करून द्या, महिनाभर त्याला येणारे फोन मोजा. पन्नास रुपयांचाही खर्च नाही, आणि मुलाखतीत सांगायला स्वतःचा आकडा मिळतो.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असं विचारतील. तेव्हा वेबसाइटवर मिळणारी माहिती विचारू नका. ‘गेल्या वर्षीच्या इंटर्नने केलेल्या कामाचं पुढे काय झालं?’ असं विचारा. त्या उत्तरातून ही इंटर्नशिप कामाची आहे की शोभेची, हे तुम्हालाही कळेल.

श्मिट आणि हंटर यांच्या यादीत मुलाखतीपेक्षाही वर, 0.54 वर, एक पद्धत होती: प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावणं. इंटर्नशिपमागची कल्पनाही तशीच. म्हणून तर कंपन्या त्यावर खर्च करतात आणि चांगल्या इंटर्नला शिक्षण संपण्याआधीच नोकरी देऊ करतात. आणि 0.42 या आकड्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. आखीव मुलाखतसुद्धा उमेदवारांच्या कामातल्या फरकाचा पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग आधी सांगू शकते (या आकड्याचा वर्ग केला की तेवढाच येतो). बाकीचा तिच्या आवाक्याबाहेर असतो. तेव्हा नकार आला तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी त्या फॉर्ममध्ये पुरेसं लिहिलं गेलं नाही. पुढच्या मुलाखतीआधी लिहिण्यासारखं आणखी एक काम करा.